सराटे वेचायचा दिवस

तालुक्याच्या मैदानी स्पर्धा उद्यावर आल्या की आदल्या दिवशी दुपारचे तास व्हायचेच नाहीत. पीटीचे सर शिट्टी मारायचे आणि पाचवीपासून दहावीपर्यंतची सगळी शाळा मैदानाच्या एका अंगाला हातभर अंतर सोडून रांगेत उभी राहायची. मग वाकायचं आणि एकेक पाऊल टाकत, वाकूनच पार दुसऱ्या अंगापर्यंत जायचं. सराटे वेचत. पावसाळा सरत आला की आमच्या काळ्या जमिनीवर सराट्याचा वेल चहूकडे पसरतो. त्याला इवलीशी पिवळी फुलं येतात आणि फुलं झडली की मागे राहतात ते काटे. कसाही पडला तरी सराट्याचं एक टोक वर असतंच. उद्या धावणारी पोरं अनवाणी धावणार असायची. वेचणाऱ्यांतली निम्मी तर धावणारही नसायची. कुणाचा दम पुरायचा नाही, कुणाचं नाव यादीत आलेलं नसायचं. वेचायला मात्र सगळे असायचे.

आता सराटे वेचावे लागत नाहीत. वाशिमला जिल्हा क्रीडा संकुल आहे, पोरांच्या पायांत बूट आहेत, चांगल्या धावपटूच्या पिशवीत स्पाइक्सही असतात. हे बरं झालं, आणि बरं झालं असं आधीच स्पष्ट म्हणून ठेवतो. कारण ऐंशीच्या दशकात वाशिमकडच्या शाळांत शिकलेले आम्ही लोक जुन्या मैदानाविषयी बोलायला लागलो की काट्यांचाही गोडवा गातो. टाचेत सराटा मोडून बसल्यावर पंधरा दिवस लंगडत शाळेत येणारा वर्गमित्र मात्र आम्हाला आठवत नाही. त्याच्या टाचेत पू झाला होता. घरच्यांनी बिब्ब्याचा चटका दिला, तो बिब्बा उतला आणि पाय घोट्यापर्यंत सुजला. त्या वर्षी लांब उडीत तो नक्की पहिला आला असता. तो उतरलाच नाही.

तेव्हा वाशिम हा जिल्हाही नव्हता. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहाही तालुके अकोला जिल्ह्यात होते. तालुक्यात पहिला आलेला पोरगा ‘जिल्ह्याला’ जायचा म्हणजे अकोल्याला जायचा. वाशिमहून मीटरगेजची गाडी, नाहीतर एसटी. मानोऱ्याकडच्या पोराला तर आधी वाशिम किंवा कारंजा गाठायचं आणि मग पुढचा प्रवास. रात्री कुठल्याशा शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सारून सतरंजीवर झोपायचं. सोबत आईनं फडक्यात बांधून दिलेल्या ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा. निघायच्या दिवशी मारुतीच्या पारावर नारळ फुटायचा, किराणा दुकानदार ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा हातात द्यायचा, पैसे घ्यायचा नाही. परत आल्यावर विहिरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत प्रत्येक जण विचारायचा, ‘किती नंबर आला रे?’ आणि ‘हिटमध्येच गेलो’ हे उत्तर पन्नास वेळा द्यावं लागायचं. ते द्यायला लाज वाटायची. पण पन्नास माणसांना ते ऐकायचं होतं.

१ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला आणि जिल्हा घराजवळ आला. आता तालुक्यात निवडलेलं पोर सकाळी निघून संध्याकाळी घरी परत येतं. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट आखलेले आहेत. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून अमरावती विभाग, विभागातून राज्य, असा जिना पायरीपायरीनं बांधलेला आहे. विभागात पाच जिल्हे असल्यामुळे जिल्ह्यात पहिल्या आलेल्या पोराला अकोला, अमरावती, बुलढाणा आणि यवतमाळच्या पोरांशी गाठ पडते. ज्या मुलींना घरचे रात्री बाहेर राहू द्यायचे नाहीत, त्यांना जिल्ह्यापर्यंत तरी आता अडचण येत नाही. एवढी सोय आमच्या काळी असती तर कितीतरी नावं पुढे गेली असती. पण आता पोर स्पर्धेला गेलं होतं, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. प्रमाणपत्राचा फोटो मोबाइलच्या स्टेटसला लागतो, त्याच्याखाली अंगठे येतात, आणि चोवीस तासांनी तो फोटो जातो. नारळ कुणी फोडत नाही आणि कितवा नंबर आला, हे गिरणीवर कुणी विचारत नाही.

सराटे वेचून झाले की फक्की मारायची वेळ यायची. ट्रॅक आखणं ही आमच्या सरांची पूजा होती. मैदानाच्या मधोमध खुंटी ठोकायची, तिला सुतळी बांधायची, सुतळीच्या दुसऱ्या टोकाला खिळा आणि तो खिळा जमिनीवर ओढत अर्धवर्तुळ काढायचं. मग त्या ओरखड्यावरून डालड्याच्या डब्याला भोकं पाडून केलेल्या चाळणीतून फक्की सांडत जायची. एकानं डबा धरायचा, एकानं घमेलं घेऊन मागे चालायचं, दोघांनी सुतळी ताणून धरायची. आमच्यापैकी कितीतरी जणांना पाय (π) म्हणजे काय, हे गणिताच्या तासाला कळलं नाही, त्या सुतळीनं कळलं. सर सांगायचे, पट्टी १.२२ मीटर रुंद, म्हणून बाहेरच्या पट्टीतल्या पोराला प्रत्येक पट्टीमागे साडेसात मीटरच्या वर पुढे उभं करायचं. ट्रॅक दोनशे मीटरचा असो की चारशेचा, पूर्ण एका फेरीला हे अंतर तेवढंच, कारण ते मैदानाच्या आकारावर ठरत नाही, पट्टीच्या रुंदीवर ठरतं. आम्हाला ते खरं वाटायचं नाही. मग सर वहीच्या मागच्या पानावर हिशेब करून दाखवायचे आणि आम्ही त्या आकड्याकडे बघत राहायचो.

फक्कीचा ट्रॅक एका रात्रीचा असायचा. पहाटेचं दव पडायचं, एखादी शेळी आडवी जायची, आणि सकाळी वळणावरची रेघ अर्धी पुसलेली असायची. स्पर्धेच्या दिवशी सर्वांत आधी मैदानावर यायचा तो शिपाई, हातात डबा घेऊन, पुसलेल्या रेघा परत आखायला.

आता कृत्रिम ट्रॅकवर रेघा रंगवलेल्या असतात. त्या दवानं पुसत नाहीत, पावसानं वाहून जात नाहीत. पुण्याला बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, आणि आमच्याकडचं पोर राज्य पातळीवर पहिल्यांदा अशा ट्रॅकवर धावतं तेव्हा त्याचे पाय त्याला नवे वाटतात. मातीत रुतायची सवय झालेलं पाऊल तिथे उसळून वर येतं. काळ्या मातीवर वळण घेताना घसरायची भीती असायची, इथे नसते. कुणाही पोराला फक्कीच्या मातीवर धावायला लावून या ट्रॅकवरच्या पोरांशी बरोबरी करायला सांगणं हा अन्याय आहे. म्हणून तालुक्या-तालुक्याला चांगला ट्रॅक व्हावा, ही मागणी आमचीही आहे. फक्त तो ट्रॅक आखताना सुतळी धरायला कुणी लागत नाही, आणि ज्या पोरानं सुतळी धरली नाही त्याला त्या ट्रॅकवर काय चाललं आहे, याची ओढ राहत नाही.

शर्यत संपायची त्या जागी दोन पोरांनी लोकरीचा धागा धरलेला असायचा. लाल लोकर, कुणाच्या तरी ताईच्या विणकामातली उरलेली. पहिला येणारा छाती पुढे काढून तो धागा तोडायचा आणि तो गळ्यात तसाच लोंबकळत राहायचा. बाजूला सर घड्याळ घेऊन उभे. ते किल्लीचं स्टॉपवॉच सेकंदाच्या पाचव्या भागाच्या पुढे काही दाखवायचं नाही. दोन पोरं खांद्याला खांदा लावून आली की पंचांचे डोळे हेच यंत्र. आणि ते डोळे नेहमी निर्मळ असायचे, असं म्हणणं खोटं ठरेल. ज्या शाळेत स्पर्धा असायच्या, त्या शाळेच्या पोराची छाती पंचांना हमखास पुढे दिसायची. वय लपवून दाढी फुटलेली पोरं लहान गटात उतरायची आणि जन्मतारखेच्या दाखल्यावर कुणी बोट ठेवायचं नाही. हरलेला गट भांडायचा, कधी दगडही उचलायचा. आम्ही त्याला स्पर्धेचा ‘रंग’ म्हणायचो. ज्याचा पहिला नंबर असा गेला, त्याला त्यात रंग दिसत नव्हता.

आता निकाल फोटोफिनिशचा असतो, निदान मोठ्या स्पर्धांत. सेकंदाच्या शंभराव्या भागाला आता न्याय मिळतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटर अडथळ्यांत पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं गेलं. आम्ही तेव्हा शाळेत होतो. रेडिओवर ते ऐकून सर म्हणाले की आपल्या घड्याळात तो शंभरावा भाग मावतच नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला. रौप्यपदक. सुवर्ण गेलं ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी, आणि तेही केनियाच्या धावपटूकडे. केनियाच्या या शर्यतीतल्या मक्तेदारीला धक्का देणं हीच मोठी गोष्ट. पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यानं सुवर्ण आणलं. लोकरीच्या धाग्यावर हे सगळं मोजता आलं नसतं. पण अविनाशची ती शर्यत आम्ही घरात बसून मोबाइलच्या पडद्यावर बघितली तेव्हा शेवटच्या शंभर मीटरला तोंडून आपोआप निघालं ते जुनंच, मैदानाच्या दोरीपाशी उभं राहून ओरडायचो ते: ‘पय, गड्या, पय!’

उंच उडीला फोमची गादी नव्हती. बांबूच्या दोन खांबांवर आडवा बांबू आणि पलीकडे कुटारानं भरलेली पोती. पाठीवर पडायची उडी डिक फॉस्बरीनं १९६८ मध्ये मेक्सिकोच्या ऑलिम्पिकमध्ये जगाला दाखवली. आमच्या सरांना ती ठाऊक होती, पुस्तकातलं चित्रही त्यांनी दाखवलं होतं. पण कुटाराच्या पोत्यावर मानेवर पडायची परवानगी ते कुणालाच देत नव्हते. म्हणून आम्ही सगळे कात्री मारूनच उडी घ्यायचो. उडी माहीत होती, पडायला जागा नव्हती. आमच्या पिढीच्या किती गोष्टींना हे वाक्य लागू पडतं, ते आता कळतं.

आता गादी आहे. सरावाला येणारा पोरगा पाठ टाकून उडी घेतो, आणि उडी चुकली तरी हसत उठतो. एवढं एकच दृश्य जुन्या दिवसांविषयीचा सगळा हट्ट सोडून द्यायला पुरेसं आहे.

आणि मुली. हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या काळी मैदानी स्पर्धेच्या दिवशी मुलींसाठी लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची असायची. उषाचं नाव गाजल्यावर शंभर मीटरही आली, पण धावणाऱ्या मुलींच्या ओढण्या कमरेला बांधलेल्या आणि खांद्यावर पिन लावलेल्या असायच्या. आमच्या वर्गात एका तांड्यावरून तीन किलोमीटर चालत येणारी मुलगी होती. एकदा सरांनी शिट्टी मारून मुला-मुलींना एकत्र पळवलं. ती आमच्या पुढे होती. थोडी नाही, चांगली दहा पावलं. सरांनी वहीत तिचं नाव लिहिलं, खाली दोनदा रेघ मारली. पण तालुक्याला ती आली नाही. दिवाळीनंतर तिच्या घरचे ऊसतोडीला गेले, त्यांच्यासोबत तीही गेली. सर त्या नावापुढे काहीच लिहू शकले नाहीत, पान तसंच राहिलं. सराटे वेचायच्या रांगेत मात्र ती असायची, आणि तिची ओंजळ सर्वांत आधी भरायची. जुने दिवस सुंदर होते असं म्हणताना या मुलीच्या नजरेला नजर देता येत नाही.

आता नाशिकच्या सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक आणलेलं आहे. साताऱ्याकडची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, आणि उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत भारताचं नाव अंतिम फेरीत लागलं. आमच्याकडे आश्रमशाळांच्या स्पर्धांत तांड्यांवरच्या मुली धावतात, बॅटन घेतात, आणि त्यांच्या अंगावर धावण्याचे कपडे असतात. सगळ्या पोचतात असं नाही. ऊसतोड अजून आहे, लवकर होणारी लग्नं अजून आहेत. पण वहीतलं पान आता कोरं राहत नाही.

आणि खरं सांगायचं तर आज जिल्हा आमच्या काळापेक्षा जास्त धावतो. पहाटे पाचला वाशिम–रिसोड किंवा मंगरूळपीर–कारंजा रस्त्यावर निघून बघा. अंधारात पोरं-पोरी पळत असतात. पोलीस भरतीत मैदानी चाचणी पन्नास गुणांची. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, सोबत शंभर मीटर आणि गोळाफेक. पोरांचा गोळा ७.२६० किलोचा, ऑलिम्पिकमधल्या पुरुषांच्या गोळ्याएवढाच. सोयाबीनचा भाव पडलेला, शेती वाटून वाटून दोन-चार एकरांवर आलेली, अशा घरातलं पोर त्या १६०० मीटरमध्ये सगळ्या घराचं ओझं घेऊन धावतं. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. म्हणजे धावण्याला आज किंमत आहे. आम्ही धावायचो तेव्हा घरचे विचारायचे, ‘धावून पोट भरणार का?’ आज भरतं. ही प्रगती आहे आणि तिचं आम्हाला मनापासून समाधान आहे.

तरीही त्या पहाटेच्या रस्त्यावर काहीतरी अडतं. प्रत्येक जण एकटा पळत असतो, हातातल्या घड्याळाकडे बघत. आमच्या काळी पहिल्यांदा सुटण्यात चूक झाली तर स्टार्टर परत बोलवायचा, पोरं हसत माघारी यायची, पुन्हा ‘जागा घ्या’ व्हायचं. २०१० पासून मोठ्या स्पर्धांत पहिल्याच चुकीला धावपटू बाहेर. नियम योग्य असेल. पण या पोरांकडे बघताना वाटतं, त्यांचं सगळं आयुष्यच त्या नियमानं चाललं आहे. एक संधी, एक वेळ, एक चूक. आणि त्यांच्या शर्यतीला दोरीपाशी उभं राहून ओरडणारं कुणी नाही.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे-तिघे जुने वर्गमित्र एका मैदानी स्पर्धेला गेलो होतो. आयोजन नीट होतं. क्रमांक छातीवर पिनांनी लावलेले, पाण्याच्या बाटल्या थंड, निकाल मोबाइलवर लगेच. पोरं आपापल्या शर्यतीपुरती येत होती, धावत होती, प्रमाणपत्र घेऊन निघून जात होती. दुपारी तीन वाजता चार गुणिले शंभर रिले सुरू झाली तेव्हा मैदानाभोवती धावणारे आणि पंच यांच्याशिवाय आम्हीच होतो. शेवटच्या बदलात एका पोराच्या हातून बॅटन निसटलं. ते मातीत दोन वेळा उसळलं आणि थांबलं. त्यानं ते वाकून उचललं आणि शेवटपर्यंत धावला, सगळे पोचून गेले होते तरी. आम्ही टाळ्या वाजवल्या. तो चमकून आमच्याकडे बघत राहिला.

आमच्या काळी रिलेला गाव असायचं. शेतावरून परतणारी माणसं बैलगाडी थांबवून उभी राहायची. गोळा, थाळी, भाला बाजूला राहायचा आणि सगळ्यांच्या माना ट्रॅककडे वळायच्या. शर्यत संपली की बायका लिंबाच्या फोडी मीठ लावून धावलेल्या पोरांच्या हातात द्यायच्या, आपल्याही आणि दुसऱ्या गावच्याही. आमचं मैदान वाईट होतं, पंच वाईट होते, बांबू वाकडे होते. त्या मुलीला आम्ही अडवलं होतं, त्या मित्राचा पाय आम्ही सडवला होता. ते दिवस परत यावेत अशी इच्छा करणं पाप ठरेल. पण त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र चांगली होती आणि ती आज नाही. जे धावत नव्हते, त्यांनाही त्या मैदानावर काम होतं.

म्हणून ही एक विनंती, शिक्षकांना आणि पालकांना. येत्या हंगामात तालुक्याच्या किंवा जिल्हा परिषद शाळांच्या मैदानी स्पर्धा असतील, त्यांच्या आदल्या दिवशी एक तास सगळ्या शाळेला मैदानावर आणा. ट्रॅक मातीचा असेल तर खडे वेचू द्या, सुतळी धरू द्या, फक्कीचा डबा आळीपाळीनं फिरू द्या. ट्रॅक कृत्रिम असेल तर तो झाडू द्या. आणि दुसऱ्या दिवशी आपण दोरीपाशी जाऊन उभे राहा, आपलं पोर धावत नसलं तरी. आमच्या जुन्या शाळेच्या मैदानावर पावसाळा सरला की सराट्याला अजूनही पिवळी फुलं येतात. वेचायला कुणी जात नाही.